खडे सरांचे खडे बोल

खडे सरांना माणसांपेक्षा दगड जास्त आवडतात, असं विद्यापीठात सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांना सर धड माहीत नव्हते. सरांना दगडही फारसे आवडत नसत. दगड पुढे पुढे करत नाहीत, ओळखी सांगत नाहीत आणि सभेत बोलायला उभे राहत नाहीत, एवढ्या गुणांवर सर त्यांना चालवून घेत.

नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सर भूशास्त्र शिकवायचे, खिशात सदैव दोन-चार नमुने खुळखुळायचे, आणि बोलणं असं की घास गिळता गिळता दाताखाली खडा यावा. नाव कानावर आलं तेव्हा सरांनी तोंड वाकडं केलं, पण मनातून त्यांना ते पसंत पडलं होतं. बाकीच्या प्राध्यापकांना मुलांनी ठेवलेली नावं यापेक्षा पुष्कळ वाईट होती.

विषयाशी त्यांचं लग्न काही प्रेमाचं नव्हतं. व्हायचं होतं इंजिनियर. मार्कांनी दगा दिला. प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं होतं, "भूशास्त्रात जागा आहे. घेता का? मागे रांग आहे." वडील म्हणाले, "घेऊन टाक, पुढचं पुढे बघू." पुढचं पुढे कोणी बघितलं नाही. तिथंच पदवी झाली, तिथंच डॉक्टरेट, तिथंच नोकरी, आणि जमवून दिलेल्या संसारात माणूस रुळतो तसे सर दगडांत रुळले.

त्या संसारात एकच सुखाची जागा होती. दगडाचा काप घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा, आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली दोन फिल्टरांच्या मधे ठेवायचा. रस्त्यात पडला तर कुत्रंही ज्याला हुंगणार नाही असा काळपट दगड तिथं जांभळा, पिवळा, हिरवा पेटून उठतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरांच्या तोंडून शिवी निघाली होती, कौतुकाची. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. कौतुक करणारी माणसं त्यांना भाबडी वाटत, आणि आपण भाबडे दिसू याची त्यांना मरणाची भीती होती.

असा माणूस पोरांच्या शिबिरात जाऊन पडला.

शिबिराचं नाव 'उद्याचा मी'. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठ ओस पडायचं, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या असायच्या. तेव्हा गावोगावची पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिथं आणून ठेवायची आणि आपण पुढे कोण व्हायचं ते त्यांना शोधायला लावायचं, अशी ती कल्पना. सोमवारी डॉक्टर, मंगळवारी वकील, बुधवारी पत्रकार. कापडाच्या दुकानात अंगाला लावून बघतात तसं एकेक आयुष्य अंगाला लावून बघायचं, आरशापुढे वळायचं आणि 'दुसरं दाखवा' म्हणायचं.

ही कल्पना काढली होती व्यवस्थापन विभागातल्या एका प्राध्यापकानं. भर उन्हाळ्यात शर्टावर जाकीट चढवून हिंडायचा, म्हणून सगळे त्याला जाकीटच म्हणत. याला नक्की येतं काय, असं सर भेटेल त्याला विचारत. कोणालाच सांगता येत नसे. मात्र त्याला सगळं जमत होतं. ज्या खोलीत तो शिरे तिथून काहीतरी पदरात पाडूनच बाहेर पडे.

एका दुपारी तो सरांच्या खोलीत शिरला. टेबलावरचा नमुन्यांचा ट्रे स्वतःच बाजूला सारून कोपर टेकवलं.

"सर, तुमच्या विभागाला यंदा प्रवेश किती?"

"एका बाकावर मावतील एवढे. तुला माहीत आहे."

"म्हणूनच म्हणतो, शिबिरात दोन सत्रं घ्या. मुलांपर्यंत पोचा. हल्ली विषय विकावा लागतो हो सर."

"मग भाजी विकतो की. तिला गिऱ्हाईक तरी असतं."

जाकीट मनापासून हसला. त्याला काहीही लागत नसे. सरांना त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो यासाठीच. जाता जाता दारातून म्हणाला, "कुलगुरूंची इच्छा आहे, सर." म्हणजे प्रश्नच मिटला.

त्याच संध्याकाळी थोरल्या बहिणीचा फोन.

"अरे, आपली पोरगी येतेय तुझ्या शिबिराला."

"माझं नाही ते शिबिर, ताई."

"तेच ते. डॉक्टरकीकडे वळव तिला जरा. घरात कुणाचं ऐकत नाही."

"मी दगड शिकवतो."

"म्हणून तर म्हणते. ते बघून तरी डॉक्टर व्हावंसं वाटेल."

सरांना बहिणीचा हा स्वभाव लहानपणापासून ठाऊक होता. तिला टोमणा मारायचा नसे. तिला खरंच तसं वाटत असे.

उद्घाटनाला सभागृह गच्च भरलं. मुलं पुढे, आईबाप मागे, आणि कडेला प्राध्यापक, लग्नात नको असलेले पाहुणे बसवतात तसे. सरांनी आईबापांवरून एक नजर फिरवली. स्वतः जे जमलं नाही ते पोराच्या पाठीवर लादायला आलेली ही मंडळी. चेहऱ्यावर भाव असा की मोटार दुरुस्तीला टाकलीय, दोन आठवड्यांनी चालू करून द्या. मुलांनी आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि त्यावरून ज्याला त्याला रंगाचा टी-शर्ट मिळाला होता. लाल म्हणजे नेतृत्व. निळा म्हणजे बुद्धी. हिरवा म्हणजे सेवा. ज्यांच्याबद्दल कॉम्प्युटरलाही काही सुचलं नाही, त्यांना राखाडी. त्याचं नाव 'शोधक'.

भाची राखाडीत होती. उंच, किरकोळ, कोणी हाक मारली तर आधी हाक नक्की आपल्यालाच आहे ना याची खात्री करणारी.

"हे काय, राखाडी?" ताई जाकिटाला म्हणाली. "बदलून मिळेल का?"

"राखाडी म्हणजे अमर्याद शक्यता, मॅडम!"

"आमच्याकडे त्याला काहीच जमत नाही असं म्हणतात," ताई म्हणाली.

भाची हे ऐकत शेजारीच उभी होती. तिनं टी-शर्टाची बाही एकदा ओढून सरळ केली, बस्स. सरांना पोरीची दया आली. आणि दया आली की त्यांना राग येई, म्हणून ते तिथून निघून गेले.

सरांचं पहिलं सत्र आठवडा उलटल्यावर आलं. तोवर मुलांनी प्लास्टिकच्या बाहुल्याची छाती दाबून त्याला जिवंत केलं होतं, लुटुपुटूच्या कोर्टात एकमेकांना फाशी सुनावली होती आणि माइक हातात घेऊन कँटीनवाल्याची मुलाखत घेतली होती. प्रत्येक विभागानं आपापला विषय साखरेत घोळून वाढला होता. रसायनवाल्यांनी तर फुगेसुद्धा लावले होते.

सरांनी प्रयोगशाळेत ट्रे मांडले. चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकून फेस दाखवला. 'वॉव' असा आवाज आला, आणि तो त्यांना शाळेतल्या घंटेसारखा ठरल्या वेळी वाजलेला वाटला. मग लाल टी-शर्टातल्या एका पोरानं हात वर केला.

"सर, यात पॅकेज किती मिळतं?"

सरांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"ऐका," ते म्हणाले. "हा विषय कोणी निवडत नाही. ज्यांना दुसरीकडे दारात उभं करत नाहीत ते इथे येतात. मीही तसाच आलो. पण तुम्ही इथे काय शोधायला आलात? स्वतःला? दोन आठवड्यांत? नाश्ता-जेवणासकट?" कोणीतरी खुदकन हसलं. "हसू नका. हा दगड बघा. याचं नाव ठरवायला मला आठ दिवस लागले होते. आणि हा पळून जात नव्हता, खोटं बोलत नव्हता, याला आईबाप नव्हते. तुम्ही बाहुल्याची छाती दाबलीत आणि डॉक्टर झालात! बाहुला मेला असता म्हणजे कळलं असतं. तुमच्यातल्या निम्म्यांना बापानं ठरवलेलं व्हायचंय, आणि उरलेल्यांना शेजाऱ्याच्या पोराच्या बापानं ठरवलेलं. अंगावरचे रंग बघा. चार प्रश्न विचारून यंत्राला कळलं म्हणे तुम्ही कोण ते. मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही. जा आता, चहा प्या."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी प्रयोगशाळा टाळ्यांनी दणाणली. पोरं उठून उभी राहिली. सरांना काही समजेना. शिव्या खाऊन टाळ्या वाजवणारी जात त्यांनी याआधी पाहिली नव्हती.

मुलं चहाला गेली. भाची मागे राहिली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती तशीच वाकून उभी होती.

"मामा, हे काय आहे?"

"दगड."

"हा? हा ट्रेमधला काळा?"

"हो."

"आईशप्पथ," ती हळूच म्हणाली, आणि डोळा काढलाच नाही.

सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना सांगायचं होतं की मीही असाच वाकून उभा होतो, चहा चुकवून. पण ते म्हणाले, "स्क्रूला हात लावू नकोस. लेन्स दगडाला घासते."

पोरांपैकी कोणीतरी सगळं फोनवर टिपलं होतं. दोन दिवसांत ते शिबिरभर झालं, चौथ्या दिवशी गावभर. जाकिटानं बोलावणं धाडलं तेव्हा सर एका परीनं खुशीतच गेले. आता हाकलणार, आणि हाकलताना आपण काय सुनवायचं तेही वाटेत जुळवून झालं होतं.

जाकीट खुर्चीतून उठून सामोरा आला आणि त्यानं सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सर, काय बोललात! खरं! अस्सल! मुलांना हेच हवंय हो. गोड बोलणारे पैशाला पासरी मिळतात. समारोपाला तुमचं सत्र ठेवतोय, आईबापांसमोर. नावही ठरलंय: खडे बोल."

"मी तुझ्या शिबिराला शिव्या घातल्या."

"तेच तर!" जाकीट म्हणाला. "पुढच्या वेळी जरा जास्त घाला."

सर नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण नाही म्हणण्यासाठी शब्द जुळवताना त्यांच्या कानात त्या टाळ्या पुन्हा वाजल्या, आणि तोंडातून निघालं, "किती वेळ बोलायचंय?"

समारोपाला त्यांनी आईबापांची सालटी काढली. पोराला डॉक्टर करणारे बाप घरी साधी पट्टी बांधताना डोळे मिटून घेतात, म्हणाले. मुलीला तुझं तू ठरव म्हणणाऱ्या आया तिच्या चपलासुद्धा स्वतः ठरवतात, म्हणाले. सभागृह हसून हसून लोटपोट. प्रत्येकाला वाटत होतं की हे शेजारच्याला चाललंय. ताईनं तर डोळे पुसले आणि पुढच्या बाईला सांगितलं, "माझा धाकटा भाऊ आहे तो." कार्यक्रम संपल्यावर एक जाडजूड गृहस्थ पोराला दंडाला धरून सरांपुढे घेऊन आले.

"सर, आमच्या ह्याला जरा वैयक्तिक बोला ना. सगळ्यांत मिळून बोललेलं त्याला लागत नाही."

सरांनी पोराकडे पाहिलं आणि दोन वाक्यं बोलले. बाप धन्य झाला. पोरानं सेल्फी काढला.

पुढच्या उन्हाळ्यात जाहिरातीवर सरांचा फोटो होता, कपाळाला आठ्या घातलेला. फोटोवाल्यानं सांगितलं होतं, "सर, जरा चिडा." सर चिडले. चांगला आला फोटो.

वाईट गोष्ट अशी की हे सगळं त्यांना आवडायला लागलं. आयुष्यभर ज्या जिभेमुळे माणसं लांब पळाली, त्याच जिभेला आता रांग लागत होती. ते न्हाणीघरात वाक्यं घोळवू लागले. 'नाश्ता-जेवणासकट' म्हणताना किती थांबायचं, 'बाहुला मेला असता म्हणजे कळलं असतं' हे कोणाकडे बघून म्हणायचं, याचा त्यांना हिशेब कळू लागला. बायको बाहेरून ऐकत असे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. पोरांच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे ती घरात थोडकंच बोले.

"इतकी वर्षं हे मी घरात फुकट ऐकलं," एकदा ती टॉवेल देता देता म्हणाली. "टाळ्या वाजवायच्या असतात हे कोणी सांगितलं नाही."

सर हसले. पण लोकांबद्दलचा त्यांचा तिटकारा तिळभर कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. आपल्या शिव्यांना हसणारी पोरं त्यांना मूर्ख वाटत, पैसे मोजून अपमान विकत घेणारे बाप महामूर्ख, आणि जाकीट तर या सगळ्या बाजाराचा दलाल. फक्त या बाजारात दुकान आपलंही आहे, एवढीच गोष्ट ते मोजायला विसरत.

त्या हिवाळ्यात विद्याशाखेची बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर न चालणारा पंखा. विषय असा की ज्या विभागांना विद्यार्थी नाहीत ते बंद करावेत. भूशास्त्र यादीत पहिलंच. बैठकीआधी जाकिटानं सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून कानात सांगितलं होतं, "काळजी करू नका. तुम्ही शिबिराचे मुख्य मार्गदर्शक. वर्षभराचं पद. खोली मोठी, एसी आहे. फक्त आत ताणू नका."

अध्यक्षांनी विचारलं, "विभागप्रमुखांना काही म्हणायचंय?"

सगळे सरांकडे बघू लागले. काहीजण तर खुर्चीत सावरूनच बसले. आता फटाके फुटणार म्हणून. सरांनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायले, झाकण लावलं.

"नाही," ते म्हणाले.

विभाग बंद झाला. दगडांची कपाटं जिन्याखाली गेली, सूक्ष्मदर्शक वनस्पतीवाल्यांनी मागून नेले, आणि प्रयोगशाळेत रंगीत उशा टाकून तिचा 'प्रेरणा कक्ष' करण्यात आला. सरांनी स्वतःची समजूत घातली की त्या गाढवांपुढे बोलून उपयोग काय होता. समजूत पटली. ज्याला जग गाढव वाटतं, त्याला समजूत पटायला फार कष्ट पडत नाहीत.

उन्हाळा आला, शिबिर सुरू झालं, आणि त्यातच एका सकाळी भाची विद्यापीठात उगवली. शाळा संपवून आली होती. खांद्याला पिशवी, पायात धुळीचे बूट. प्रेरणा कक्षाच्या दारात उभी राहून ती आतल्या उशांकडे बघत होती.

"मामा, भूशास्त्राचं ऑफिस कुठे गेलं?"

"बंद झालं. तुला कशाला हवंय?"

"प्रवेश घ्यायला."

सरांना हसूच आलं. "वेड लागलंय का? ताईला माहीत आहे?"

"आईला सांगितलं. रडली. मग म्हणाली, मामाला विचार."

"कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"तू."

"मी? अगं, मी तर सांगत होतो की हे कोणी घेत नाही म्हणून!"

"हो ना," भाची म्हणाली. बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती एकेक वाक्य आधी तपासून मग बाहेर काढत होती. "तिथे सगळे सांगत होते, आमच्याकडे या, लगेच जमेल. तू एकटा म्हणालास की एका दगडाचं नाव ठरवायला आठ दिवस लागले. मला काहीच पटकन जमत नाही, मामा. वाटलं, जिथे आठ दिवस थांबतात, तिथे मला पण थांबू देतील. आणि तू ते मनापासून बोलला होतास. तुझा हात थरथरत होता, बाटली ठेवताना."

सरांना हे आठवत नव्हतं. नंतर इतक्या वेळा ती बाटली त्यांनी ठेवली होती, की पहिली कशी ठेवली ते गेलंच होतं.

"बंद करायचं ठरलं, तेव्हा तू होतास का तिथे?"

"होतो."

"मग काय बोललास?"

"अगं, ती सगळी बिनडोक मंडळी, त्यांच्यापुढे..."

"काय बोललास, मामा?"

आत प्रेरणा कक्षात कोणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, हॅलो.

"काही नाही," सर म्हणाले.

भाचीनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. एखाद्या नमुन्यावरची चिठ्ठी चुकीची निघावी आणि आपण ती काढून बाजूला ठेवावी, तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "दुपारी माझं सत्र आहे. बस ना. मग घरी जाऊ, मामीला भेट." ती बसली.

ते सत्र सरांचं आजवरचं सगळ्यात रंगलेलं सत्र होतं. भाची शेवटच्या रांगेत आहे हे माहीत असल्यामुळे त्यांनी जीव ओतला. आठ दिवसांच्या दगडापाशी ते थांबले, हात उचलला आणि तो जरासा थरथरवला. मुद्दाम. काल हे सुचलं नव्हतं. आजच कळलं होतं की ते तसं छान दिसतं. टाळ्यांनी छत खाली यायची वेळ आली. सरांनी मागे पाहिलं. भाची हात मांडीवर ठेवून बसली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," ती म्हणाली. "तुम्ही छान बोलता."

पोरगी जन्मल्यापासून त्यांना अरेतुरे करत आली होती. मामाला तुम्ही म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग बसस्टॉपवर ती म्हणाली, "तुम्ही थांबू नका, मी जाईन." तेव्हा त्यांची खात्री पटली. अपमान कसा करतात ते सर गावोगावच्या पोरांना दाखवत होते. एका अक्षरानंही न दुखवता तो करता येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मामीला भेटायचंही तिनं टाळलं.

ती दुसऱ्या विद्यापीठात गेली, लांब, जिथे भूशास्त्र अजून शिल्लक होतं. ताईनं भावाशी वर्षभर अबोला धरला. पोरीला दगडांत घातल्याचा आरोप तिनं सगळ्या नातलगांत करून टाकला. पुढे भाचीला डोंगरातून बोगदा खोदणाऱ्या कंपनीत काम मिळालं. खोदायच्या आधी पुढे कसला दगड आहे हे सांगायचं, असं ते काम. तेव्हा ताईनं हाच आरोप जरा सूर बदलून, अभिमानानं करायला सुरुवात केली.

सर निवृत्त झाले त्या दिवशी जाकिटानं भाषण केलं. तो तोवर प्र-कुलगुरू झाला होता. जाकीट तसंच होतं. म्हणाला, सरांची जागा कोणी घेऊ शकणार नाही. आणि पुढच्याच उन्हाळ्यात नाट्य विभागातल्या एका तरुणाला ती देऊन टाकली. सरांना आमंत्रण होतं. ते पहिल्या रांगेत बसले. पोरानं व्हिडिओ बघून सगळं पाठ केलं होतं. नाश्ता-जेवणासकट. बाहुला मेला असता म्हणजे कळलं असतं. मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही, हेही त्यानं म्हटलं, मिशी नीट फुटली नसताना, आणि मुलांनी तेही चालवून घेतलं. टाळ्या सरांच्या वेळेपेक्षा जास्त पडल्या. शेजारचे गृहस्थ सरांच्या कानाशी लागून म्हणाले, "काय तळमळीनं बोलतो हो!"

"हो," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना समोरच्याला मूर्ख म्हणता आलं नाही; म्हटलं असतं तर ते कुठून सुरू करायचं हा प्रश्न होता.

भाची अधूनमधून येते, कामावरून घरी जाताना. आली की सरळ स्वयंपाकघरात जाते. ओट्याला टेकून मामीला सांगते की यंत्राचं पातं कसं अडकलं, पाणी कसं फुटलं, मुकादमाला दोन दिवस थांब म्हटलं तर तो कसा फणफणला आणि थांबला ते बरंच झालं. मामी कणीक मळता मळता "अगंबाई" म्हणते, "मग?" म्हणते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला बोलणं आवडू लागलंय.

परवा सर उठून दारात जाऊन उभे राहिले.

"पुढे काय लागलं मग? बेसाल्टच?"

"हो, बेसाल्टच," भाची म्हणाली आणि तिनं लगबगीनं त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. "तुम्ही बसा ना."

सर बसले. ती मामीकडे वळली आणि मुकादमाची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागली.